दाह शमल्यावरच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया

मोतीबिंदू हा उतारवयातील विकार, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती बव्हंशी खरीही आहे. तथापि, ऐन तिशी-चाळिशीतील, क्वचित शाळकरी वयातील रुग्णांच्या डोळ्यांतही मोतीबिंदू आढळतो. त्याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे डोळ्याच्या अंतर्भागातील दाह. या विकारास ‘युव्हिआयटिस’ म्हणतात. साथीत डोळे येतात, त्याहून हा विकार वेगळा. यात डोळा लाल होतो, दुखतो, उजेड सोसवत नाही व नजर अंधूक होते. क्षयरोग, सिफिलिस, काही प्रकारचे संधिवात ही त्यामागील काही कारणे होत. अनेकदा कारण सापडतही नाही.

वारंवार उद्भवणाऱ्या दाहामुळे डोळ्यातील भिंग गढूळ होते. दाह शमविणारी स्टिरॉइड औषधे दीर्घकाळ घ्यावी लागल्यास त्यांमुळेही मोतीबिंदू होऊ शकतो. मात्र या भीतीने औषध परस्पर बंद करणे अधिक घातक. कारण मोतीबिंदू काढता येतो, पण दाहाने दुखावलेले दृष्टिपटल पूर्ववत होईलच असे नाही.

घाई का नको?

शस्त्रक्रिया ही डोळ्यास एक प्रकारची इजाच असते. दाह धुमसत असताना ती केल्यास तो उफाळून येतो, दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येते आणि यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही नजर अधू राहू शकते. म्हणून सामान्यतः डोळा निदान 3 महिने शांत राहिल्यानंतरच शस्त्रक्रिया करतात. शांत म्हणजे केवळ लाली जाणे नव्हे. स्लिट लॅम्प यंत्रातून पाहताना डोळ्यातील द्रवात दाहाच्या पेशी दिसता कामा नयेत. मोतीबिंदूतील द्रव्य पाझरून दाह होत असल्यास मात्र थांबून चालत नाही.

शस्त्रक्रिया आणि नंतर

अशा डोळ्यात बाहुली अनेकदा भिंगाला चिकटलेली असते. ती सोडवून, प्रसंगी बारीक आकड्यांनी रुंदावून मोतीबिंदू काढावा लागतो. कृत्रिम भिंगाची कल्पनाही डोळ्यातील दाहाच्या निरीक्षणातूनच पुढे आली. युद्धकाळात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले पर्स्पेक्सचे कण फारसा दाह न होता राहिल्याचे हॅरल्ड रिडली यांना आढळले व 1949 मध्ये लंडन येथे त्यांनी पहिले कृत्रिम भिंग बसविले. आज ॲक्रिलिक भिंगे बहुतेक प्रौढ रुग्णांना मानवतात. संधिवातग्रस्त बालकांबाबत मात्र हा निर्णय विशेष विचारपूर्वक घ्यावा लागतो.

शस्त्रक्रियेच्या आधीपासून सुरू केलेले स्टिरॉइड नंतर टप्प्याटप्प्यानेच कमी करावयाचे असते. डोळा पांढरा दिसू लागला म्हणून थेंब सोडणे हितावह नव्हे.

कमावत्या माणसाला 3 महिने थांबणे जड जाते, हे खरे. तरीही शिबिरात नाव नोंदविताना डोळा वारंवार लाल होत असल्यास, सांधे धरत असल्यास वा पूर्वी क्षयाचे उपचार झाले असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. या प्रतीक्षेचे मोल पुढील आयुष्यभराच्या दृष्टीइतके आहे.