कोटेशनवर सही करण्याआधी

अगं, हॉस्पिटलचा डेटा क्लाउडवर नेण्याचं तू पाठवलेलं कोटेशन वाचलं. एकूण आकडा बघून घाबरू नकोस, आणि ‘स्टोरेज’च्या ओळीवर घासाघीसही करत बसू नकोस. पैसा तिथे जातच नाही.

हिशेब करून बघ. नारायणगावच्या ओपीडीचा टाइप केलेला मजकूर, दहा वर्षांचा धरला तरी, काही जीबीत मावतो. जागा खातात ते एक्स-रे. एकेक दहा एमबीचा आणि दिवसाला तीस, म्हणजे वर्षाला शंभरेक जीबी. मोठ्या क्लाउड कंपन्यांचा मुंबईतला दर महिन्याला जीबीमागे साधारण दोन-अडीच रुपये, म्हणजे वर्षभराच्या एक्स-रेंचं महिन्याचं भाडं अडीचशेच्या आत-बाहेर. चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरचं बिल त्याहून मोठं, वर १८ टक्के जीएसटी, आणि दर डॉलरमध्ये असेल तर रुपया घसरला की तुझा खर्च वाढला.

सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ जाणार डेटाच्या साफसफाईत, आणि तीच ओळ या कोटेशनात नाही. कांदा चाळीत भरण्याआधी निवडून घेतो ना आपण, तसंच आहे हे. आपल्याकडे एकेका गावात निम्मी वस्ती एकाच आडनावाची. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही सारखी असलेले पेशंट तुझ्या यादीत निघणारच. त्यातल्या एकाला पेनिसिलिनची ॲलर्जी असेल आणि दोघांचे कागद एक झाले तर? १४ आकडी आभा (आरोग्य खात्याचा) क्रमांक असेल तिथे काम सोपं. नसेल तिथे वय, मोबाईल, वाडी बघून माणसानेच ठरवायचं. तुझी रिसेप्शनवरची मुलगी हे कुठल्याही इंजिनिअरपेक्षा चांगलं करेल. तिला जादा पगार दे आणि तो बजेटमध्ये लिही.

जुनी डिस्चार्ज कार्डं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली असतील तर ती नव्या सिस्टीममध्ये गिचमिड दिसतील. युनिकोडमध्ये बदलून घ्यायला सांग, आणि औषधांच्या मात्रा मूळ कागदाशी ताडून बघ.

डेटा हलवण्याचा मुहूर्त पावसाळ्यातला नको. तेव्हा सर्पदंश, डेंग्यू, वर वीज जाते ती वेगळीच. दिवाळीनंतर, गावोगावच्या जत्रांच्या आधी बरं. घोडेगावच्या ओपीडीपासून सुरुवात कर आणि महिनाभर जुनं-नवं दोन्ही चालू ठेव. आधीचा पाचशे जीबीचा साठा २० एमबीपीएसच्या लाइनवरून चढवायला सलग दोन दिवसांहून जास्त लागतात. एन्क्रिप्ट केलेली हार्ड डिस्क पुण्याला नेऊन देणं कधीकधी स्वस्त पडतं. (एसटीत बॅग मांडीवर ठेवायची, वर फळीवर नाही!)

आता कराराचं. ‘डेटा आमच्याकडे सुरक्षित’ एवढ्यावर भागत नाही. २०२३च्या वैयक्तिक डेटा कायद्यात सुरक्षेत हलगर्जी झाल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि काम दुसऱ्याला दिलं तरी जबाबदारी हॉस्पिटलचीच राहते. नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा एवढ्या मोठ्या हॉस्पिटलला कित्येक दिवस कागदावर काम करावं लागलं. म्हणून बॅकअप वेगळ्या खात्यात हवा, आणि एकदा तुझ्यासमोर तो परत उभा करून दाखवायला हवा. नुसता ‘होतो’ म्हणून सांगितलेला बॅकअप मी धरतच नाही.

उद्या कंपनी बदलायची झाली तर? मोठ्या क्लाउडवरून डेटा बाहेर काढायला जीबीमागे नऊ-दहा रुपये पडतात, ते परवडतं. अडवणूक होते ती सॉफ्टवेअरवाल्याकडून. सगळा डेटा कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत, किती पैशांत परत देणार, हे करारात लिहून घे. पेशंटने मागितले तर ७२ तासांत कागद द्यायचा नियम तुला लागू आहे, त्याला नाही. भरती पेशंटचे कागद तीन वर्षं ठेवायचे असतात; पण बिबट्याचा हल्ला किंवा सर्पदंश, जिथे भरपाईचं प्रकरण लांबू शकतं, ते मी तरी त्यानंतरही टाकणार नाही.

या कोटेशनात साफसफाई नाही, बॅकअपची चाचणी नाही, डेटा परत देण्याचं कलम नाही. तिन्ही घालून नवं मागव, आणि सही करण्याआधी मला पाठव.