उणे ३०० अंशांचे फॅरनहाइट किती?

विद्यार्थी मित्रहो, वहीत हे सूत्र लिहा :

फ = (९/५) स + ३२

सेल्सिअस अंशांतील तापमान स दिले की फॅरनहाइट अंशांतील तापमान फ देणारे हे रेषीय फलन तुमच्या परिचयाचे आहे. त्याचा प्रांत कोणता? म्हणजे स च्या जागी कोणकोणत्या संख्या घालता येतील?

असा प्रश्न आला की आपण प्रथम दोन गोष्टी पाहतो. छेदात चल आहे काय? असल्यास छेद शून्य करणाऱ्या किमती वगळाव्या लागतात. चल वर्गमूळाखाली आहे काय? असल्यास तेथे ऋण संख्या चालत नाही. येथे छेदात नुसता ५ आहे, आणि वर्गमूळ तर नाहीच. कोणत्याही संख्येला ९/५ ने गुणता येते, त्यात ३२ मिळवता येतात. म्हणून प्रांत : सर्व वास्तव संख्यांचा संच. प्रश्नात नुसते सूत्रच दिले असेल तर हेच उत्तर लिहावे.

पण आता स = −३०० घेऊन पाहा. (९/५) × (−३००) = −५४०, म्हणून फ = −५०८. सूत्राने जराही कुरकूर केली नाही! मात्र −३०० अंश सेल्सिअस इतकी थंड वस्तू विश्वात असूच शकत नाही. तापमानाला खालची मर्यादा आहे : −२७३.१५ अंश सेल्सिअस, म्हणजे −४५९.६७ अंश फॅरनहाइट. हेच निरपेक्ष शून्य. त्याच्या अगदी जवळ जाता येते, पण ते गाठता येत नाही. म्हणून स हे वस्तूचे खरे तापमान असेल, तर प्रांत होतो स > −२७३.१५. येथे ≥ हे चिन्ह का घातले नाही, ते ध्यानात आले ना?

आता ताप मोजण्याची पाऱ्याची तापमापी घ्या. तिच्यावर साधारणपणे ३५ ते ४२ अंश सेल्सिअसच्या खुणा असतात. तिच्यापुरता प्रांत ३५ ≤ स ≤ ४२, आणि फ च्या किमती ९५ पासून १०७.६ पर्यंत.

तिन्हींचे आलेख काढा. पहिला आलेख दोन्ही बाजूंना अमर्याद रेषा, दुसरा आरंभबिंदू गाळलेला किरण आणि तिसरा रेषाखंड. सूत्र एकच, तरी फलने तीन. कारण प्रांत सांगितल्याशिवाय फलन पुरते सांगून होत नाही.

एक गणित तुमच्यासाठी : कोणत्या तापमानाला स आणि फ समान येतात? ती किंमत वरील तीनपैकी कोणत्या प्रांतांत बसते?