धावणे : बिनखर्चाचा व्यायाम

धावण्यास साधनसामग्री लागत नाही. नियमितपणा मात्र लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यास किमान ७५ मिनिटे जोरदार अथवा १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. धावण्याने हृदय व फुप्फुसे कार्यक्षम होतात. रक्तदाब आणि रक्तातील साखर आटोक्यात राहण्यास साहाय्य होते.

नवशिक्याने प्रथम पाच मिनिटे चालावे. नंतर एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे, असा क्रम ठेवावा. सोबत्याशी बोलता येईल इतकाच वेग असावा. गोव्याच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही व अंग तापते. म्हणून सकाळची वेळ उत्तम.

हृदयविकार वा मधुमेह असणाऱ्यांनी आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. धावताना छातीत दुखल्यास किंवा भोवळ आल्यास तत्काळ थांबावे व विनाविलंब रुग्णालय गाठावे.