मृतसाठ्याला हात लावायचा नाही

सिद्धेश्वर, ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली
रविवार, 5 ऑक्टोबर 2025

चि. ऋतुजा,


परवा तुझा फोन आला तेव्हा मी धरणाच्या भिंतीवर होतो. वाऱ्यात निम्मं ऐकू आलं नाही, पण मुद्दा कळला. फ्रेंचची परीक्षा पास झालीस, शिकवणीचे पैसे साठवलेस आणि दोन मैत्रिणींना घेऊन दिवाळीच्या सुट्टीत पाँडिचेरीला निघालीस. आनंद वाटला. यंदाच्या अतिवृष्टीत सोयाबीनचं काय झालं ते तू घरी पाहिलंस, म्हणून वडिलांकडं एक रुपया मागायचा नाही असं ठरवलंस, त्याचं तर जास्तच कौतुक वाटलं. फोनवर म्हणालीस, ‘मामा, सगळ्यात स्वस्त लॉज शोधतेय.’ ते ऐकल्यापासून हे पत्र डोक्यात होतं. उद्या कोजागिरी, घरात गडबड राहील, म्हणून आजच लिहायला बसलो.

मी उभी हयात पाटबंधारे खात्यात काढली. अकरा वर्षं विश्रामगृहाची नोंदवही माझ्याकडं होती. पाण्याचा हिशेब आणि मुक्कामाचा हिशेब या दोनच गोष्टी मला नीट कळतात, आणि तुझ्या कामाला दोन्ही येतील.

आपलं धरण तू लहानपणापासून बघतेस. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर, दोन्ही 1968 ची. येलदरीत पाणी साठवायचं, त्यावर वीज करायची, सिद्धेश्वरात घ्यायचं आणि कालव्यात सोडायचं. पण सोडायच्या आधी 15 ऑक्टोबरला साठा मोजतात आणि वर्षाचं नियोजन मांडतात. पहिलं आरक्षण पिण्याच्या पाण्याचं. मग बाष्पीभवनात जाणारं पाणी वजा करायचं. उरेल त्यावर रब्बीच्या आणि उन्हाळ्याच्या पाळ्या बसवायच्या. आणि तळाचा मृतसाठा धरायचाच नाही. ते पाणी दिसतं, पण हिशेबात नसतं. ज्या वर्षी कुणी आधी पाळ्या वाटतो आणि पिण्याचं नंतर बघतो, त्या वर्षी मे महिन्यात टँकर लागतो.

प्रवासाचं अंदाजपत्रक असंच मांड. शंभरातले वीस मृतसाठा म्हणून वेगळे काढ. पंचवीस जाण्यायेण्याच्या रेल्वेचे, आणि परतीचं तिकीट जातानाच काढायचं. पंचवीस खोलीचे. पंधरा खाण्याचे, पंधरा फिरण्याचे आणि बाष्पीभवनाचे. रिक्षा, पाण्याची बाटली, सामान ठेवण्याचं भाडं, खोलीवरचा कर हे सगळं बाष्पीभवनच. दिसत नाही पण जातं. 22 सप्टेंबरपासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी पाच टक्क्यांवर आलाय, तरी ‘भाडं करासह का कराशिवाय’ हे आधी विचारायचं. काटकसर म्हणजे सगळ्यात कमी पैशात भागवणं नव्हे. काय सोडायचं नाही हे आधी ठरवणं, आणि बाकीच्यात हात आखडणं, ही काटकसर.

आता तारीख. दिवाळीत जाऊ नकोस. आपल्याकडं परतीचा पाऊस संपतो तेव्हा त्या किनाऱ्यावर पावसाळा सुरू होतो. ईशान्य मोसमी वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येतात, ऑक्टोबर ते डिसेंबर हाच तिकडचा पावसाचा काळ. गेल्या वर्षी फेंगल चक्रीवादळ 30 नोव्हेंबरला पाँडिचेरीजवळच किनाऱ्याला लागलं आणि शहरात पाणी भरलं. मराठी माणूस सुट्टी बघून निघतो, तिकडचं आभाळ बघत नाही. नाताळ आणि नवीन वर्षाला भाडी चढतात. पोंगल जानेवारीच्या मध्याला. 26 जानेवारी सोमवारी येतो, म्हणजे बंगळूर-चेन्नईची सगळी तरुण मंडळी तीन दिवस तिथंच. आणि 21 फेब्रुवारीला श्रीअरविंद आश्रमाच्या माताजींचा जन्मदिवस, तिथला दर्शनाचा दिवस, तेव्हा देशभरातून साधक येतात. या सगळ्यातून वाट काढली तर सोमवार 2 फेब्रुवारी ते शुक्रवार 6 फेब्रुवारी हे दिवस मोकळे सापडतात. शनिवार-रविवारी जी खोली परवडत नाही ती मंगळवारी परवडते. तारीख बदलायला एक रुपया लागत नाही आणि सगळ्यात जास्त पैसा तिथंच वाचतो.

तुझ्या पुण्याहून सरळ गाडी आहे, दादर–पुदुच्चेरी चालुक्य एक्सप्रेस. ती रोज नसते, वार बघून घे. पुण्याला मध्यरात्रीच्या आसपास येते, म्हणून तिकिटावरची तारीख दोनदा वाच. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा डिसेंबर लागताच तिकीट काढ. आधी रेल्वे पक्की, मग खोली. उलटं केलंस तर खोलीचा आगाऊ पैसा अडकतो.

शहर समजून घेतलंस तर खोली कुठं घ्यायची हे आपोआप कळेल. समुद्राला लागून फ्रेंचांचा भाग, मध्ये कालवा, पलीकडं तमिळ वस्ती. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात. फ्रेंच भागात पिवळ्या भिंती, उंच दारं, बोगनवेल आणि रू द्यूमा, रू रोमें रोलां अशा पाट्या. जुन्या हवेल्यांची तिथं हॉटेलं झालीत. त्यांचं भाडं आपल्याला पेलणारं नाही आणि पेलायची गरजही नाही. ते रस्ते चालायला सगळ्यांना मोकळे आहेत. कालवा ओलांडून पाच-दहा मिनिटं पश्चिमेला चाललं की भाडं उतरतं. मिशन स्ट्रीट ते महात्मा गांधी रोड या पट्ट्यात खोली बघ. तिथून समुद्र चालत, बाजार चालत, बसस्टँड रिक्षानं जवळ. तिथल्या जुन्या तमिळ घरांना रस्त्याकडं ओटा असतो, तिण्णै म्हणतात त्याला. वाटसरूनं टेकावं म्हणून बांधलेला. आपल्या ओसरीची आठवण येईल.

गावाबाहेर चेन्नई रस्त्याला आणखी स्वस्त खोल्या दिसतील. तिकडं भुलू नकोस. रोज स्कूटर, रोज पेट्रोल, आणि रात्री अनोळखी रस्त्यावरून परत यायचं. खोलीत वाचलेले पैसे बाष्पीभवनात जातात आणि जिवाला घोर लागतो तो वेगळाच. तिकडं दारू स्वस्त आहे म्हणून लोक मुद्दाम येतात हेही ध्यानात ठेव. बारच्या वरची किंवा शेजारची खोली फुकट मिळाली तरी घ्यायची नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. निवृत्त झालो त्या वर्षी तुझ्या मामीला घेऊन गेलो होतो. डिसेंबरातला शनिवार, रात्रीचे दहा, आरक्षण नाही. नोकरीत असताना चिठ्ठी नसलेल्या किती जणांना मी दारातून परत पाठवलं होतं, त्या रात्री आम्ही तसे दारोदार फिरलो. शेवटी एका लॉजवर दुप्पट भाडं देऊन खोली मिळाली. खिडकी नव्हती. कडी एका स्क्रूवर लोंबत होती. मी दाराला खुर्ची लावली, खुर्चीवर बॅग ठेवली. मामी पहाटेपर्यंत पलंगावर बसून राहिली, आडवीसुद्धा झाली नाही. वाचवायला निघालो होतो आरक्षणाचा त्रास, आणि घालवली तिची झोप. पहाटे समुद्रावर जाऊन बसलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘खोली साधी चालेल, पण दार लागलं पाहिजे.’ यापेक्षा शहाणा नियम मला कुठल्या शासन निर्णयात सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी आश्रमाच्या अतिथिगृहात जागा मिळाली. श्रीअरविंद आश्रमाची अशी बरीच अतिथिगृहं गावात आहेत, पार्क गेस्ट हाऊस तर थेट समुद्रावर. भाडं बेताचं, स्वच्छता नीट. पण नियम पक्के: दारू नाही, धूम्रपान नाही, रात्री साडेदहाला फाटक बंद. आश्रमाच्या भोजनगृहात पास घेऊन साधं शाकाहारी जेवणही मिळतं. तुम्ही तिघी मुली, पहिलाच प्रवास, माझं मत तिथंच पडतं. फक्त आधी संपर्क करून जागा पक्की कर. आणि नियम पटत नसतील तर तिथं जाऊच नकोस. नियमाचं घर स्वस्त आहे म्हणून घ्यायचं आणि चौकीदाराशी फाटकावर वाद घालायचा, हे आपल्या घरात बसत नाही. त्या माणसालाही सकाळी चारला उठायचं असतं.

श्रीअरविंद तिथं 4 एप्रिल 1910 ला पोचले ते कायमचे. त्याआधी ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या चाकरीत होते, तिथं मराठी शिकले, आणि मन शांत करण्याचा मार्ग त्यांना विष्णू भास्कर लेले या मराठी योग्यानं दाखवला. आश्रमात त्यांच्या समाधीजवळ बसशील तेव्हा हे आठव. परक्या गावात आलोय असं वाटणार नाही.

आता खोली ताब्यात घेताना काय बघायचं ते. पैसे देण्याआधी खोली बघायची. आधी दार आतून लाव आणि कडी हलवून बघ. मग चादर उचल, मोबाईलचा उजेड पाडून गादीच्या शिवणी आणि पलंगाचे सांधे तपास. बारीक काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत, खोली बदलून माग. नळ सोडून पाचपर्यंत मोज, धार टिकते का बघ. किनाऱ्याकडं पाणी मचूळ असू शकतं, पिण्याचं पाणी कुठून भरायचं ते विचार. खिडकी उघडते का, आणि बाहेरून कुणाचा हात पोचतो का, हेही बघ. तिसरी गादी मिळणार का, तिचे वेगळे पैसे किती, हे फोनवरच ठरव. भाड्याचा दिवस दुपारी बाराला संपतो का चोवीस तासांनी, तेही विचार. गाडी सकाळी पोचली आणि खोली दुपारी मिळणार असेल तर सामान ठेवू देतील का, हा एक प्रश्न अर्धा दिवस वाचवतो.

ॲपवर खोली बघ, पण लॉजला स्वतः फोन करून बोल. बोलणाऱ्याच्या आवाजातून खूप कळतं. अतिथिगृहांच्या नावानं खोट्या वेबसाइटी निघतात. अनोळखी क्यूआर कोडवर पूर्ण भाडं आधी पाठवायचं नाही. फसलीस तर लाजून गप्प बसू नकोस, 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार कर. आधार कार्डाची झेरॉक्स देताना तिच्यावर लॉजचं नाव आणि तारीख लिही.

तुझ्या फ्रेंचबद्दल. रिक्षावाला फ्रेंच बोलेल अशी आशा धरू नकोस, रस्त्यावर तमिळच चालते. 1 नोव्हेंबर 1954 ला पाँडिचेरीचा कारभार फ्रेंचांकडून भारताकडं आला, 16 ऑगस्ट 1962 ला कायद्यानं विलीनीकरण पुरं झालं, आणि ज्यांनी तेव्हा फ्रेंच नागरिकत्व ठेवलं त्यांच्या घरांत ती भाषा टिकली. अलियाँस फ्रांसेजमध्ये जा, लिसे फ्रांसे ही 1826 पासूनची शाळा बाहेरून बघ, सकाळी समुद्रावर बसलेल्या आजोबांना ‘बाँझूर’ म्हण. पण आधी चार तमिळ शब्द शिक. पाणी म्हणजे तण्णीर, केवढ्याला म्हणजे एव्वळवु, आभार म्हणजे नन्री, नमस्कार म्हणजे वणक्कम. ज्या गावात भात खातो त्या गावाची भाषा आधी, आपल्या हौसेची नंतर.

आणि एक दिवस जिंजीसाठी ठेव. सत्तर-एक किलोमीटर, तिंडिवनममार्गे बस मिळते. 1677 ला शिवाजी महाराजांनी तो किल्ला घेतला. तेव्हा पाँडिचेरीच्या फ्रेंच वखारीचा प्रमुख फ्रांस्वा मार्तें यानं महाराजांकडं दूत पाठवला आणि वखारीला अभय मिळवलं. पुढं राजाराम महाराजांनी याच जिंजीतून स्वराज्य चालवलं आणि मोगलांच्या वेढ्यात किल्ला वर्षानुवर्षं झुंजवला, 1698 पर्यंत. यंदा 11 जुलैला युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रात, बारावा हा. राजगिरी उंच आहे, पहाटेच निघा, पाणी जास्त घ्या. हॉटेलच्या छतावरच्या एका जेवणाच्या पैशात हा दिवस पार पडतो.

खोली सोडताना दिवे-पंखे बंद करा, ओले टॉवेल एका जागी ठेवा, झाडणाऱ्या बाईच्या हातात थोडे पैसे द्या आणि तिला वणक्कम म्हणा. नोंदवहीत गावाचं नाव लिहिताना पुणे लिहू नकोस, सिद्धेश्वर लिही. अकरा वर्षं मी त्या वहीत लोकांची गावं वाचली. कोणत्या गावची माणसं खोली कशी सोडून गेली हे माझ्या अजून ध्यानात आहे.

सोबत एक ताव पाठवतोय, पाच रकाने आखून. चार तू भर. पहिला मृतसाठ्याचा, तो भरलेला आहे. मामीनं कापसाच्या वेचणीचे तीन हजार रुपये पाकिटात घालून वर तुझं नाव लिहिलंय. हे बक्षीस नाही. बॅगच्या तळाशी ठेव, त्यांना हात लावू नकोस, आणि परत आलीस की पाकीट न फोडता मामीच्या हातात दे. आणि एखाद्या रात्री दार नीट लागत नसलेल्या खोलीत उभी राहिलीस, तर त्याच क्षणी पाकीट फोड आणि दुसरी खोली घे. त्यासाठीच ते आहेत.

आईवडिलांना नमस्कार सांग. तुझ्या मैत्रिणींना आशीर्वाद.

तुझा,
मामा