आधी माहिती मांड, मग प्लेबुक लिही

चि. भाचीबाईस,


तू पाठवलेलं अन्सिबलचं प्लेबुक वाचलं. ते चालतं असं तू लिहिलंस, आणि त्याबद्दल मला शंका नाही. पण नुसतं चालणं कॉलेजच्या प्रॅक्टिकलला पुरतं. तिथे परीक्षक स्क्रीनवर एक नजर टाकतो आणि पुढच्या टेबलाकडे जातो. हे प्लेबुक मात्र तू दुसऱ्या टीममध्ये गेल्यावरही कुणीतरी अपरात्री चालवणार आहे. तेव्हा तुझ्या मनात काय होतं, हे त्याला तू माहिती कशी मांडलीस यावरूनच कळेल. कोणतं मॉड्यूल कधी वापरायचं हे अन्सिबलचं डॉक्युमेंटेशन उत्तम सांगतं. तुझ्या कंपनीच्या वेबसाइट, पोर्ट आणि युजर यांची माहिती कशी रचायची, हे ते सांगू शकत नाही. ते तुलाच ठरवावं लागेल, म्हणून आज त्याच्यावरच लिहितो.

फ्रेड ब्रुक्स यांचं 'द मिथिकल मॅन-मंथ' १९७५ साली आलं. प्रोग्रॅममधले तक्ते समोर असले की फ्लोचार्टची फारशी गरज उरत नाही, आणि तक्ते झाकून नुसता फ्लोचार्ट दाखवला तर माणूस गोंधळतो, असं त्यांनी त्यात म्हटलं आहे. तुझ्या फाइलमध्ये मला फ्लोचार्ट भरपूर दिसला. तक्ता शोधावा लागला.

'साइट१_डोमेन', 'साइट१_पोर्ट', 'साइट२_डोमेन', 'साइट२_पोर्ट' अशी तू रांग लावली आहेस, आणि खाली एनजिन्एक्सची कॉन्फिग फाइल टाकणारा तोच टास्क प्रत्येक साइटसाठी पुन्हा लिहिला आहेस. व्हेरिएबलच्या नावात आकडा घालावासा वाटला की समजायचं, इथे लिस्ट हवी होती. 'साइट्स' नावाची एकच लिस्ट कर. तिचा प्रत्येक घटक एक छोटी डिक्शनरी असेल आणि त्यात डोमेन, पोर्ट, एसएसएल आहे की नाही, एवढं असेल. मग टास्क एकच उरतो आणि तो त्या लिस्टवर लूप मारतो. नवी साइट आली की माहितीच्या फाइलमध्ये तीन ओळी वाढतात, टास्कला हात लागत नाही. रिव्ह्यू करणाऱ्यालाही त्या तीनच ओळी वाचाव्या लागतात.

आता तू विचारशील की लिस्ट कधी आणि डिक्शनरी कधी. क्रमाला अर्थ असेल तिथे लिस्ट. फायरवॉलचे नियम घे. कुठला नियम आधी तपासला जातो यावर सगळं अवलंबून असतं. नावावरून शोधायचं असेल आणि एक नाव एकदाच यायला हवं असेल तिथे डिक्शनरी. युजरची यादी मी नेहमी डिक्शनरीत ठेवतो, लॉगिनचं नाव ही की आणि बाकी तपशील तिच्या आत. लूप मारताना ती 'डिक्ट टू आयटम्स' फिल्टरमधून काढावी लागते, तेवढा त्रास परवडतो. कारण पुढे एखाद्याच सर्व्हरवर एकाच युजरचा तपशील बदलायची वेळ येते. डिक्शनरीत तो नावाने सापडतो. लिस्टमधला तिसरा घटक तेवढा बदल, असं अन्सिबलला सांगायची सोय नाही. सगळी लिस्ट पुन्हा लिहावी लागते.

युजरवरून आणखी एक गोष्ट, आणि ही नवशिक्यांच्या हमखास लक्षात येत नाही. कुणी नोकरी सोडून गेलं म्हणून तू यादीतून त्याचं नाव काढलंस, तर सर्व्हरवरचा त्याचा अकाउंट तसाच राहतो. जे यादीतच नाही त्याच्याबद्दल प्लेबुकला काही ठाऊक नसतं, मग ते पुसणार कसं? म्हणून प्रत्येक युजरच्या तपशिलात 'स्टेट' ठेव आणि माणूस गेला की ते 'अ‍ॅबसेंट' कर. सगळ्या सर्व्हरवर एकदा फिरून झालं की मग नाव खुशाल काढ. जे आहे त्याच्याबरोबर जे नसायला हवं तेही तुझ्या माहितीत लिहिलेलं असलं पाहिजे.

किमतींच्या प्रकाराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण प्लेबुक ज्यात लिहितो ते यॅमल दिसतं साधं आणि वागतं लबाड. अवतरणचिन्ह न घालता काही लिहिलंस की तो शब्द आहे, आकडा आहे की खरं-खोटं, हे यॅमल स्वतः ठरवतं. पायथनची आवृत्ती ३.१० अशी उघडी लिहिलीस तर तो दशांश अपूर्णांक ठरतो आणि शेवटचं शून्य गळून ३.१ उरतं. 'यस', 'नो', 'ऑन', 'ऑफ' हे शब्द खरं-खोटं बनतात. देशांच्या दोन अक्षरी कोडच्या यादीत नॉर्वेचा 'एनओ' उघडा लिहिला की तो 'फॉल्स' होतो. जगभरचे लोक यावर विनोद करतात आणि तरीही पुन्हा फसतात.

याहून छुपा प्रकार वेळेचा. बॅकअपची वेळ २२:३० अशी उघडी लिहिलीस तर यॅमल तिला साठांच्या पटीतली संख्या समजतं आणि तुझ्या हातात १३५० येतात. गंमत अशी की ०२:३० लिहिलंस तर काहीच होत नाही, कारण शून्याने सुरू होणारं या नियमात बसत नाही आणि तो शब्दच राहतो. कंटेनरच्या पोर्टच्या जोड्यांतही तेच. ८०८०:८० सुखरूप राहतं, कारण कोलनपुढचा ८० हा साठाच्या आत नाही. २२:२२ मात्र १३४२ होऊन बसतं. म्हणजे चाचणीत सापडत नाही आणि प्रत्यक्ष कामात सापडतं, अशातली ही चूक. यॅमलची १.२ ही आवृत्ती २००९ साली आली आणि तिने यातले बरेच चाळे बंद केले. पण अन्सिबल ज्या पाययॅमल लायब्ररीवर उभं आहे, ती अजून १.१चेच नियम पाळते.

तुझ्या प्लेबुकात याचं एक उदाहरण बसलेलंच आहे. फाइलच्या परवानगीत तू ६४४ लिहिलं आहेस, आधी शून्य नाही, अवतरणचिन्ह नाही. तो साधा दशमान सहाशे चव्वेचाळीस झाला. अष्टमानात त्याचे होतात १२०४. म्हणजे मालकाला फक्त लिहिण्याची मुभा, ग्रुपला काहीच नाही, बाकी जगाला वाचायची परवानगी आणि वर स्टिकी बिट. तुझी सर्व्हिस रूट म्हणून ती फाइल वाचते, आणि रूटला या परवानग्यांची अडचण होत नाही. म्हणून तुला अजून कळलं नाही. '०६४४' असं अवतरणात लिही. आवृत्ती, वेळ, परवानगी, कोड, फोन नंबर, थोडक्यात ज्यावर गणित करायचं नाही ते सगळं अवतरणात, हा नियम हाताला लावून घे.

कमांड लाइनवरून दिलेल्या किमतींचं उलटं. की, बरोबरचं चिन्ह आणि किंमत अशा जोडीने दिलेलं सगळं शब्दच असतं. 'डीबग'ला 'फॉल्स' दिलंस तरी तो न-रिकामा शब्द, म्हणून अटीत खरा ठरायचा आणि नको तो टास्क चालायचा. २०२५मध्ये आलेल्या अन्सिबल-कोअर २.१९पासून 'व्हेन'च्या अटीला निखळ खरं-खोटंच लागतं, नाहीतर टास्क तिथेच पडतो. मला हा बदल आवडला. पुष्कळांची जुनी प्लेबुकं त्यामुळे अडली, पण ती अडायलाच हवी होती. तू 'बूल' फिल्टर लाव किंवा किंमत जेसनमध्ये दे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. ग्रुप व्हार्समध्ये पोर्ट बदलला तरी जुनाच का लागतो, असं तू विचारलं होतंस. तू तो पोर्ट रोलच्या 'व्हार्स' फोल्डरमध्ये ठेवला आहेस म्हणून. एकच नाव अनेक ठिकाणी दिलेलं असलं तर कुणाचं खरं मानायचं, याची अन्सिबलमध्ये २२ पायऱ्यांची उतरंड आहे. तलाठ्याच्या नोंदीवर तहसीलदार, त्यांच्यावर प्रांत, त्यांच्यावर जिल्हाधिकारी, तसंच. रोलचे 'डीफॉल्ट्स' खालून दुसऱ्या पायरीवर बसतात. ग्रुप व्हार्स आणि होस्ट व्हार्स त्यांच्या वर आहेत, आणि त्यांत होस्टचं ग्रुपच्या वर चालतं. रोलचे 'व्हार्स' थेट पंधराव्या पायरीवर आहेत. कमांड लाइनचे एक्स्ट्रा व्हार्स सगळ्यांच्या माथ्यावर. तेव्हा दुसऱ्याने बदलावं अशी तुझी अपेक्षा आहे ते डीफॉल्ट्समध्ये ठेव. बदलूच नये ते व्हार्समध्ये.

२२ पायऱ्या पाठ करायच्या भानगडीत पडू नकोस. एक किंमत दोनच जागी असावी, डीफॉल्ट्समध्ये एकदा आणि इन्व्हेंटरीच्या बाजूला एकदा, असं शिस्तीने पाळलंस तर उतरंडीची आठवणही होणार नाही. जो माणूस पाच पायऱ्यांवर तेच नाव ठेवून 'मला प्रेसिडन्स येतं' म्हणतो, त्याचं प्लेबुक मी घेत नाही. नावांच्या बाबतीतही तेच. एका प्लेमधल्या रोल्सची व्हेरिएबल्स एकमेकांना दिसतात, त्यांना वेगळ्या खोल्या नसतात. नुसतं 'पोर्ट' नाव ठेवलंस तर डेटाबेसच्या रोलमधलं 'पोर्ट' येऊन त्यावर बसेल. 'एनजिन्एक्स_पोर्ट' म्हण. लांब वाटलं तरी चालेल.

डिक्शनरीच्या बाबतीत उतरंड आणखी एक डाव टाकते. समजा डीफॉल्ट्समध्ये एका डिक्शनरीत पाच सेटिंग आहेत आणि ग्रुप व्हार्समध्ये त्याच नावाखाली तू फक्त एक दिलीस. बाकीच्या चार तशाच राहतील अशी आपली समजूत. तसं होत नाही. वरची डिक्शनरी खालचीला पूर्ण बाजूला सारते आणि चार सेटिंग नाहीशा होतात. हे वागणं बदलायची एक ग्लोबल सेटिंग आहे, तिला हात लावू नकोस, कारण मग इतरांचे रोल्स कसे वागतील याचा भरवसा राहत नाही. मूळ आणि बदल अशा दोन वेगळ्या नावांच्या डिक्शनऱ्या ठेव आणि वापराच्या जागी त्या 'कम्बाइन' फिल्टरने एकत्र कर. वाचणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं की इथे काहीतरी मिसळलं आहे.

रिकाम्या किमतींबद्दल. जानेवारी २०१५मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या व्हॉल्व्ह कंपनीच्या गेमिंग सॉफ्टवेअरच्या बॅश स्क्रिप्टने एका माणसाच्या होत्या-नव्हत्या फाइली पुसल्या, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्यासुद्धा. स्क्रिप्टमध्ये फोल्डरचं नाव असलेलं व्हेरिएबल, त्यापुढे स्लॅश, त्यापुढे तारा, आणि हे सगळं 'आरएम आरएफ'ला दिलेलं. फोल्डर सापडलं नाही, व्हेरिएबल रिकामं राहिलं, उरलं स्लॅश-तारा. लिहिणाऱ्याने त्या ओळीजवळ ती भीतीदायक असल्याची कॉमेंटही टाकलेली होती! लोक यावर 'सेट डॅश यू' हा उपाय सांगतात. पण ते इथे उपयोगी पडलं नसतं. व्हेरिएबल ठरवलेलं होतं, फक्त त्यात काही नव्हतं, आणि 'सेट डॅश यू' न ठरवलेल्यालाच अडवतं. महिरपी कंसात नावापुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह टाकलं की रिकाम्यालाही अडवलं जातं. बॅशमध्ये काही पुसणारी ओळ लिहिशील तेव्हा तेच वापर.

अन्सिबल न ठरवलेल्या व्हेरिएबलवर आपणहून थांबतं. ते थांबू नये म्हणून तू जागोजागी 'डीफॉल्ट' फिल्टरला रिकामी अवतरणं दिली आहेस, म्हणजे बॅशचा रोग पैसे देऊन विकत आणला आहेस. ज्या किमतीशिवाय काम होऊच शकत नाही तिला डीफॉल्ट देऊ नकोस. रोलला काय काय लागतं आणि कोणत्या प्रकारचं, हे 'मेटा' फोल्डरमध्ये 'आर्ग्युमेंट स्पेक्स'मध्ये लिहिता येतं. आवृत्ती २.११पासून ही सोय आहे आणि फार कमी लोक वापरतात. चुकीची किंमत दिली की पहिल्या टास्कच्या आधीच रोल थांबतो.

टास्कचं उत्तर साठवणाऱ्या 'रजिस्टर'बद्दल थोडक्यात. लूप असलेल्या टास्कचं उत्तर 'रिझल्ट्स' नावाच्या लिस्टमध्ये फेरीनिहाय येतं. आणि टास्क वगळला गेला तरी रजिस्टरचं व्हेरिएबल तयार होतंच, त्यामुळे 'ते आहे का' एवढंच तपासून काही कळत नाही, 'स्किप्ड' झालं का ते विचार. वापरण्याआधी एकदा 'डीबग'ने छापून आत काय आहे ते बघ. अंदाजाने लिहू नकोस.

शेवटचं, आणि यासाठी मी पत्र लिहायला बसलो हे कबूल करतो. डेटाबेसचा पासवर्ड तुझ्या ग्रुप व्हार्समध्ये उघडा आहे, फाइल गिटवर आहे, आणि तू ती मलाही पाठवलीस. मी माझ्याकडची प्रत पुसली आहे. पुढे अशी किंमत अन्सिबल व्हॉल्टने बंद केलेल्या वेगळ्या फाइलमध्ये ठेव, नावामागे 'व्हॉल्ट' लाव आणि उघड्या फाइलमध्ये त्या नावाचा नुसता उल्लेख कर, म्हणजे शोधणाऱ्याला व्हेरिएबल सापडतं आणि पासवर्ड दिसत नाही. तो वापरणाऱ्या टास्कला 'नो लॉग' लाव. पण आत्ता ती ओळ खोडून भागणार नाही, गिटच्या इतिहासात ती राहणारच. पासवर्डच बदलावा लागेल. हे वाचून होताच तुझ्या टीम लीडला जाऊन सांग. मला फोन नंतर केलास तरी चालेल.

तुझा,
मामा