फेडोरा-उबुंटूत लायब्ररी न्यायची आहे? शुल्क शून्य, पण खर्च धरा पाच वर्षांचा

फी किती, हा पहिला प्रश्न. फी नाही. फेडोरा, डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींपैकी कोणाच्याही भांडारात सॉफ्टवेअर लायब्ररी दाखल करायला पैसे भरावे लागत नाहीत. खातं फुकट, बिल्ड करणारे सर्व्हर फुकट, आणि तपासणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या वेळातून तपासतो. म्हणून ‘इतके हजार द्या, तुमची लायब्ररी फेडोरात घालून देतो’ असं कोणी म्हणालं तर व्यवहार तिथेच थांबवा. पॅकेज बांधून देण्याची मजुरी घेण्यात काही गैर नाही, ते कष्टाचं काम आहे. प्रवेशाची हमी मात्र कोणीच विकू शकत नाही.

तरीही ही गोष्ट स्वस्त नाही. पैसे जातात ते माणसाच्या वेळात, आणि त्यातला मोठा भाग प्रवेश मिळाल्यानंतर जातो. पुण्याच्या हिंजवडी-खराडीतल्या लहान कंपन्या आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी नेमका हाच भाग हिशेबात धरत नाहीत.

पुण्यात या कामाची माहिती असलेली माणसं भरपूर आहेत, हा आपला मोठा फायदा. फेडोराला आधार देणाऱ्या रेड हॅट कंपनीचं अभियांत्रिकी केंद्र हडपसरला मगरपट्ट्यात आहे. भारतीय भाषांचे फॉन्ट आणि टंकलेखनाची साधनं फेडोरात सांभाळण्याचं पुष्कळ काम इथूनच झालं. फेडोराच्या वापरकर्त्यांची आणि विकासकांची ‘फडकॉन’ ही परिषद नोव्हेंबर २०११ मध्ये सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि जून २०१५ मध्ये कोथरूडच्या एमआयटी अभियांत्रिकी महाविद्यालयात भरली. मॉडेल कॉलनीत सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत ‘ग्नूनिफाय’ ही मुक्त सॉफ्टवेअरची परिषद वर्षानुवर्षं होत असे. पुणे लिनक्स यूजर्स ग्रुप, म्हणजे ‘प्लग’, तर त्याहून जुना. पहिलं पॅकेज करताना विचारायला माणूस मिळणं ही खर्चातली सर्वांत मोठी बचत आहे आणि ती या शहरात शक्य आहे.

सुरुवात परवान्यापासून करा. रेड हॅटनं भारतीय भाषांचे लोहित फॉन्ट २००४ मध्ये जीपीएल परवान्याखाली खुले केले आणि २०११ मध्ये ते फॉन्टसाठी बेतलेल्या ओपन फॉन्ट लायसन्सवर, म्हणजे ओएफएलवर आणले. मोठ्या संस्थेच्या आधारावर चाललेल्या प्रकल्पालाही परवाना नंतर बदलावा लागतो. तुमच्या लायब्ररीत बाहेरच्या वीस जणांनी कोड दिला असेल, तर परवाना बदलताना त्या प्रत्येकाची संमती लागू शकते, आणि त्यातल्या एखाद्याचा पत्ताच लागत नाही. पहिल्या दिवशी परवान्याची फाइल ठेवायला दहा मिनिटं लागतात. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर परवान्याची ओळख घाला, दुसरीकडून उचललेला कोड कुठला तेही लिहून ठेवा. तपासणारा सर्वांत आधी हेच पाहतो, आणि इथे गोंधळ दिसला तर पुढे वाचत नाही.

आता फेडोराची वाट. स्पेक फाइल, म्हणजे पॅकेज कसं बांधायचं याची कृती, लिहायची, तिच्यातून सोर्स आरपीएम हे मूळ पॅकेज करायचं आणि रेड हॅट बगझिला या बग नोंदवण्याच्या साइटवर ‘पॅकेज रिव्ह्यू’खाली अर्ज टाकायचा. पहिलंच पॅकेज असेल तर स्पॉन्सर लागतो, म्हणजे तुमच्यावर विश्वास ठेवून तुम्हाला पॅकेजर गटात घेणारा जुना सदस्य. तो मिळवण्याचा सरळ मार्ग म्हणजे दुसऱ्यांच्या अर्जांची अनौपचारिक तपासणी करणं. दोन-चार अर्ज मन लावून तपासलेत की तुम्हाला नियम कळतात आणि तुमचं नाव लोकांना कळतं. यात वेळ वाचवू नका, हा सगळ्यांत सत्कारणी लागणारा वेळ आहे. अर्जावर शंका आली की लगेच उत्तर द्या. महिनाभर गप्प राहिलात तर अर्ज अडकलेला धरतात आणि आठवण करूनही आठवड्यात उत्तर आलं नाही तर तो बंद करतात.

वेळ खाणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. फेडोराच्या बिल्ड सर्व्हरवर बिल्ड चालू असताना इंटरनेट नसतं. तुमची लायब्ररी बिल्डच्या वेळी आणखी काही डाउनलोड करत असेल तर तिथेच अडते. दुसऱ्या लायब्ररीची प्रत पोटात घेऊन फिरत असाल तर ती काढून भांडारातली वापरा असं सांगतात, कारण उद्या त्या प्रतीत सुरक्षेचं भोक सापडलं तर ते कोण बुजवणार? आणि एस-३९०-एक्स. हे आयबीएमच्या मेनफ्रेमचं आर्किटेक्चर, फेडोराचं बिल्ड त्यासाठीही होतं आणि यात बाइटचा क्रम आपल्या लॅपटॉपच्या उलटा असतो. लॅपटॉपवर पास झालेल्या चाचण्या इथे धडाधड नापास होतात. कोप्र या फुकट बिल्ड सेवेवर हे अर्जाआधीच पाहून घ्या. लायब्ररी असल्यामुळे आणखी एक काळजी घ्यावी लागते. नव्या आवृत्तीत एखादं फंक्शन काढलं किंवा त्याचं रूप बदललं, तर तिच्यावर उभी असलेली सगळी पॅकेजं पुन्हा बिल्ड करावी लागतात. आवृत्तीच्या क्रमांकाची शिस्त नसलेली लायब्ररी कोणीही आनंदानं घेत नाही.

डेबियनमध्ये नावं वेगळी, गाभा तोच. इरादा जाहीर करणारा बग, मग स्पॉन्सर, मग नव्या पॅकेजांची ‘न्यू’ रांग. तिथे परवाने पुन्हा बारकाईनं तपासतात. ही रांग कधी काही दिवसांत सरकते, कधी काही महिन्यांत. ग्राहकाला तारीख कबूल करू नका.

एवढी कडक तपासणी कशाला, असं वाटत असेल तर २९ मार्च २०२४ आठवा. एक्सझेड ही फाइल दाबून लहान करणारी लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, तो खोदत गेला आणि प्रकार उघडा पडला. सीव्हीई-२०२४-३०९४ या क्रमांकानं तो नोंदला गेला. लायब्ररी मुख्यतः एकच स्वयंसेवक सांभाळत होता. ‘जिया टॅन’ या नावानं आलेल्या व्यक्तीनं दोनेक वर्षं मदत करून त्याचा विश्वास आणि प्रकाशनाचे अधिकार मिळवले होते. घातक कोडचा काही भाग चाचणीच्या फाइलींत दडवलेला होता, आणि तो चालू करणारा तुकडा फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होता, गिटच्या भांडारात नव्हता. फेडोरा आणि डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत हे पोहोचलं होतं, आणि उबुंटू २४.०४ ची बीटा आठवडाभर पुढे गेली. म्हणून तपासणारा जेव्हा टारबॉल आणि गिट जुळतात का, या बायनरी फाइली कशाच्या, तुमच्याशिवाय दुसरं कोण ही लायब्ररी सांभाळतं असं विचारतो, तेव्हा राग मानू नका. त्याच्या प्रश्नांवर लाखो यंत्रं उभी आहेत.

उबुंटूचं प्रकरण थोडं वेगळं आहे आणि इथे ग्राहकांची सर्वांत जास्त फसगत होते. उबुंटूचं भांडार दोन मोठ्या भागांत आहे. ‘मेन’मध्ये सुमारे २,३०० पॅकेजं, त्यांची सुरक्षा कॅनोनिकल कंपनी सांभाळते. ‘युनिव्हर्स’मध्ये २३,००० हून अधिक, ती समुदायाच्या भरवशावर. डेबियनमध्ये गेलेली लायब्ररी सहसा आपोआप युनिव्हर्समध्ये येते. मेनमध्ये जायला मात्र वेगळा अर्ज आणि वेगळी तपासणी लागते. गरज काय, पूर्वीच्या सुरक्षा दोषांचा इतिहास काय, चाचण्या आपोआप चालतात का, सगळी अवलंबित पॅकेजं आधीच मेनमध्ये आहेत का आणि पुढे कोणता संघ जबाबदारी घेणार, हे सगळं विचारलं जातं. बाहेरून आलेला मजकूर वाचणारी किंवा रूट अधिकारांनी चालणारी लायब्ररी असेल तर सुरक्षा संघ स्वतंत्रपणे पाहतो. जबाबदारी घेणारा संघ कॅनोनिकलचा लागतो, त्यामुळे पुण्यातल्या एकट्या विकासकानं मेनच्या मागे लागू नये. डेबियनमध्ये जा. मेनमधल्या एखाद्या पॅकेजला तुमची लायब्ररी लागली तर तो अर्ज त्या पॅकेजचा संघच करील.

तुम्ही लायब्ररी फक्त वापरणार असाल तर विकत घेण्याजोगी गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे सुरक्षा अद्ययावतीकरणाची मुदत. ‘उबुंटू प्रो’ घेतलं की युनिव्हर्सलाही दहा वर्षांचं सुरक्षा संरक्षण मिळतं. वैयक्तिक वापराला पाच यंत्रांपर्यंत ते फुकट आहे. व्यावसायिक वापराला २०२३ मध्ये जाहीर झालेले दर डेस्कटॉपला वर्षाला २५ डॉलर आणि सर्व्हरला ५०० डॉलर होते. डॉलर ९० रुपये धरला तर २,२५० आणि ४५,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. खरेदीआधी चालू दर पाहा. एका सर्व्हरसाठी ४५ हजार जास्त वाटतील, पण दोन-चार युनिव्हर्स लायब्रऱ्यांचे सुरक्षा दोष स्वतः शोधून बुजवायचे तर अभियंत्याचे दहा दिवस सहज जातात. माझ्या मते ग्राहकांची माहिती ठेवणाऱ्या सर्व्हरला हा खर्च करावा, चाचणीच्या यंत्रांना करू नये. आपलं पॅकेज कुठल्या भागातलं आहे हे ‘ॲप्ट पॉलिसी’ ही आज्ञा फुकट सांगते.

आता दाखल करणाऱ्याचा हिशेब. अभियंता कंपनीला महिन्याला १,१०,००० रुपयांना पडतो असं धरू. कामाचे २२ दिवस, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. साध्या, चाचण्या असलेल्या सी लायब्ररीला पॅकेज बांधणं आणि तपासणीच्या शंकांना उत्तरं देणं मिळून मी पाच दिवस धरीन. त्यानंतर महिन्याला एक दिवस: नवी आवृत्ती, बगची उत्तरं, मोडलेलं बिल्ड. फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्ती सुमारे तेरा महिने सांभाळली जाते, म्हणजे एका वेळी दोन चालू आवृत्त्या आणि शिवाय पुढची घडणारी. पहिल्या वर्षी १७ दिवस, म्हणजे ८५,००० रुपये. पुढे दरवर्षी १२ दिवस, ६०,००० रुपये. पाच वर्षांचे ३,२५,००० झाले, आणि यातले दाखल करण्याचे फक्त २५,०००. लायब्ररीत चाचण्या नसतील, दुसऱ्यांच्या प्रती कोंबलेल्या असतील, तर पाच दिवसांचे वीस होतात.

हा आकडा झेपत नसेल तर कोप्रवर किंवा उबुंटूच्या पीपीएवर, म्हणजे वैयक्तिक भांडारात, पॅकेज ठेवा. तेही फुकट आहे. तिथे तपासणी नाही आणि सुरक्षेचं कोणतंही वचन नाही, हे वापरणाऱ्याला पहिल्याच ओळीत स्पष्ट सांगा. प्रयोगाच्या टप्प्यावरच्या लायब्ररीला तीच जागा योग्य.

विद्यार्थ्यांनी मात्र पैशाकडे न पाहता या वाटेनं जरूर जावं, पण आपली लायब्ररी घेऊन नको. सांभाळणाऱ्यानं (मेंटेनरनं) सोडून दिलेलं एखादं पॅकेज उचला. फेडोरा अशा अनाथ पॅकेजांची यादी कायम ठेवते. शिकायला ते उत्तम आणि गरजही तिथेच आहे.

कंपन्यांसाठी माझा सल्ला एवढाच: अर्ज टाकण्याआधी पुढची पाच वर्षं ही लायब्ररी सांभाळणाऱ्या दोन माणसांची नावं कागदावर लिहा आणि त्यांच्या कामाच्या वेळेत महिन्याचा तो एक दिवस खरोखर मोकळा करा. दुसरं नाव सुचत नसेल तर यंदा अर्ज करू नका.