काढायचीच, तर कोणती?

मनू, काल फोनवर निम्मं बोललीस आणि निम्मं रडलीस, म्हणून आता निवांत लिहिते. आधी आत्याचं ते बाजूला ठेव. वरचा दात काढला की नजर अधू होते, यात काडीचंही तथ्य नाही. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी.

चार दात काढायचे म्हटल्यावर पोटात गोळा येणारच गं. पण तुझे वरचे दात पुढे आलेत, खालचे एकमेकांवर चढलेत. जागा न करता नुसत्या तारा लावल्या तर सरळ होता होता ते आणखी पुढे येतील. दात सरळ करायच्या या शास्त्राचा पाया घालणारे अमेरिकेतले एडवर्ड अँगल दात काढायच्या ठाम विरोधात होते. पण त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी, दात न काढता उपचार केलेल्या रुग्णांचे दात पुन्हा बिघडलेले पाहिले, उपदाढा काढून त्यांच्यावर नव्याने उपचार केले, आणि ते गुरूच्या विरोधात उभे राहिले. तेव्हा डॉक्टर तुला लुबाडतायत असं काही नाही.

त्यांनी सांगितलेले चार म्हणजे सुळ्यामागच्या पहिल्या उपदाढा. बहुतेकांच्या त्याच काढतात, कारण जागा हवी असते तिथेच जवळ मिळते. माझी शंका वेगळी आहे. तुझी खालची डावी मोठी दाढ आठव. रूट कॅनल झालं, कॅप निघाली, परत बसवली, परत निघाली. आता नुसत्या भिंती उरल्यात. धडधाकट उपदाढ उपटायची आणि ही पोखरलेली जपत बसायची, हा कुठला हिशेब? पुढच्या भेटीत स्पष्ट विचार, ‘डावीकडे खाली उपदाढेऐवजी ही दाढ काढून जमेल का?’ लाजू नकोस. चांगला ऑर्थोडाँटिस्ट या प्रश्नाने चिडत नाही. चिडलाच, तर दुसऱ्याचं मत घे.

आता याची दुसरी बाजू. उपदाढेची फट साधारण 7 मिलिमीटर असते, खालच्या मोठ्या दाढेची 11च्या आसपास. दात महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. म्हणजे उपचार लांबणार. शिवाय जागा मागे मिळते आणि गर्दी आहे पुढे. पुढचे दात मागे घेताना मागची दाढ फटीत झुकायला बघते. ती झुकली की तिच्या पुढच्या कडेला अन्न अडकतं, हिरडी सुजते, आणि वरची दाढ मोकळ्या जागेत खाली उतरते. म्हणून अशा वेळी हाडात छोटा स्क्रू बसवतात, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि त्याच्या आधाराने ओढतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण भूल देऊन मिनिटांत होतं.

आणि तुझा ओपीजी नीट बघ. त्या मोठ्या एक्स-रेत डाव्या कोपऱ्यात दुसऱ्या दाढेच्या मागे अक्कलदाढ दिसते का? (फिल्मवर तुझी डावी बाजू तुझ्या उजव्या हाताला येते, गोंधळू नकोस.) ती चांगल्या आकाराची आणि वर येण्यासारखी असेल तर मागची दाढ पुढे सरकल्यावर तिला जागा मिळू शकते आणि चावायला दाढा पुरतात. ती नसेलच, किंवा आडवी रुतली असेल, तर मी एवढा आग्रह धरणार नाही.

चावाही विचार. पुढचे दात मिटत नसतील, मधे फट राहत असेल, तर मागच्या दाढा पुढे आल्याने ती फट मिटायला मदत होते. उलट वरचे दात खालच्यांना पार झाकत असतील तर दात काढल्यावर चावा आणखी खोल जाऊ शकतो. तुझा कुठला, ते त्यांना आरशात दाखवायला सांग. आणि उपचार लांबू शकतात, म्हणून तुझ्या लग्नाच्या तारखेचं त्यांना आत्ताच सांगून टाक. हळदीच्या फोटोंसाठी तारा काढून पुन्हा लावायच्या, असले खेळ नकोत.

दात काढल्या दिवशी बोळा घट्ट चावून धर, थुंकू नकोस, स्ट्रॉने काही पिऊ नकोस.

हो, आणि वहिनीला सांग, चिंटूच्या तोंडात टॉर्च मारून बघ. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे जी दाढ येते, ती कायमची असते. काही न पडता येते म्हणून सगळ्यांना दुधाचीच वाटते, आणि ‘पडेल, मग नवी येईल’ म्हणत किडू देतात. त्याची ती काळी पडलीय असं तूच म्हणालीस ना? तो नऊ वर्षांचा आहे. दाढ वाचण्यासारखी नसेलच, तर साधारण आठ ते दहा या वयात ती काढली की मागची दुसरी दाढ बऱ्याचदा आपोआप तिच्या जागी सरकते, विशेषतः खालच्या जबड्यात ही वेळ साधावी लागते. दुसरी दाढ एकदा उगवली की ते जमणं अवघड. पण काढायची की भरायची हे एक्स-रे बघूनच ठरेल, म्हणून या आठवड्यातच त्याला घेऊन जा म्हणावं, परीक्षा संपायची वाट बघू नकोस.